वर्गणीच्या पावतीमागची सही

मंगळवार, संध्याकाळ. शाहूपुरी.

पीएचडीला प्रवेश मिळाला, पण फेलोशिपच्या यादीत नाव नाही. एक कंपनी पैसे देईल, पण मग मी संशोधनातून बनवणार असलेलं स्वस्तातलं कर्णयंत्र तिच्या मालकीचं. याच विचारात दार उघडलं, तर समोर आमच्या गल्लीत गणपती बसवणाऱ्या तालमीचे अध्यक्ष बाजीदादा. हातात गणपतीचं पावतीपुस्तक! मी तडकलेच. "दिली की वर्गणी! तुमच्या साउंडनं आमची भिंत हादरते, त्याला आणखी पैसे?"

ते नेहमीसारखे ओरडले, "पैसं द्यायला आलोय, पोरी! औंदा साउंड लावायचा न्हाय. ते पैसं तुझ्या यंत्राला."

तालीम? मला? गेल्या वर्षी यांच्याविरुद्ध पोलिसांत मीच गेले होते. दुसरा कागद नव्हता म्हणून त्यांनी पावतीच उलटी करून पैसे मिळाल्याची माझी सही घेतली.

"आभारी आहे, दादा," मी हळू आवाजात म्हणाले.

"आँ?" त्यांनी उजवा कान पुढं केला. "ह्या बाजूनं बोल. डावा गेलाय. वीस वर्षं स्पीकरशेजारी नाचलोय न्हवं."

मग दारातलं माझं बोलणं त्यांना ऐकूच आलं नसेल ना? की आलं, आणि तरीही दिले?