भिंतीची नाडी

३ ऑक्टोबर
व्यायामशाळेच्या मातीच्या भिंतीवर आज यंत्र बसलं. माझा मित्र अजित, त्याची मुलगी नम्रता इंजिनीअर, तिने फुकटात बसवलं. रस्त्यावरून ट्रक गेला की भिंत थरथरते. सेकंदाला किती वेळा, ते आता माझ्या मोबाईलवर दिसतं. आज ६.२. आकडा बदलला की लगेच फोन करा काका, असं दोनदा म्हणाली. मी इथला सेक्रेटरी, मला एकदा सांगितलं तरी पुरतं.

९ ऑक्टोबर
भिंतीला मी दिलेल्या ऑइल पेंटला नम्रताने नावं ठेवली. खालचं सिमेंट प्लास्टरही काढा म्हणते, पावसाचं पाणी आत मातीत अडकलंय. व्यायामशाळेची शताब्दी तोंडावर आलीय आणि भिंत सोलू? पिस्ता कलर सगळ्या लालबागला आवडलाय. निदान मला.

१७ ऑक्टोबर
५.६. नम्रताला फोन लावायला घेतला. मग ट्यूब पेटली. पहिलवान जितका तयार, तितकी त्याची नाडी हळू. उमेदीत माझी पन्नास होती. भिंत फॉर्मात येतेय. सुधारणेला फोन कशाला?
उद्यापासून आपणही शंभर जोर.

१८ ऑक्टोबर
जोर बारा. खांदा.

२६ ऑक्टोबर
४.९. कुशाबा वस्ताद व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत एकटे राहतात. म्हणाले, पलंगाशी भिंत ओली लागते रे, चार दिवस तुझ्याकडे येऊ का. मला लंगोट बांधायला यांनीच शिकवलं. त्यांना आकडा दाखवला, नाडीचं समजावलं. तू म्हणतोस तर राहतो, म्हणाले.
घरी आलो तर बायकोने, सीमाने, बाहेरच्या खोलीत त्यांच्यासाठी गादी घातलेली; वस्ताद तिच्याकडेही बोलले होते. मी उचलून ठेवली.

२ नोव्हेंबर
४.१! पेढे वाटले. सीमाने घेतला नाही. हल्ली मी जोर बाहेर अंगणात काढतो. हवा चांगली असते.

५ नोव्हेंबर, परळ, हॉस्पिटल
पहाटे भिंत बसली. वस्ताद पलंगावरच होते. पोरांनी हातांनी माती उपसली. पेंटमागे मातीचा नुसता शिरा झाला होता.
नम्रता आली. रागावली नाही. काका, फोन का नाही केलात, एवढंच विचारलं. नाडीचं सांगायला तोंड उघडलं, पण लाज वाटली. सीमा शेजारी बसलीय. माझ्याकडे बघत नाही.
आत्ता नर्सने वस्तादांचं मनगट धरलं. नाडी फार हळू लागतेय, म्हणाली, आणि डॉक्टरांना आणायला धावली.