सुटं वाजवता येईल असं एक गाणं

६ जुलै, रवि. देवपूर
आजही जमलं नाही. लेकीने, मनीषाने, पुण्याहून मोबाइलवर पाठवलेला तो परदेशी रस्त्यावरचा बँड पुन्हा ऐकला. पायी चालणारी माणसं, ट्रक नाही, भोंगे नाहीत. जॅझ म्हणे. जो तो आपापलं वाजवतो, तरी गाणं एकच राहतं. याच्या जोरावर डीजेपुढे तग धरू म्हणून वरातीचा बँड मोडून हा नवा बांधला. पण वाजवायचं काय?
मोबाइलवरची एक चाल कानाने उतरवून दिली. ट्रम्पेटवाला भिका जरा सुटा गेला की बाकीचे लगेच त्याच्याकडे धावतात, सावरायला. वरातीची सवय. एक चुकला की सगळ्यांनी मिळून झाकायचं. ओरडलो. क्लॅरिनेटवाले हमीदचाचा म्हणाले, "भाऊ, तो एकला पडना. त्याले कसं सोडानं?"
मीच शिकवलंय.

१० जुलै, गुरु.
जुनं सिनेमाचं गाणं घेतलं, सगळ्यांना झोपेतही येतं म्हणून. मधल्या व्हायोलिनच्या तुकड्यासकट जसंच्या तसं वाजलं. कोणी इकडचा तिकडे नाही. वरातच. घोडा तेवढा नव्हता.

१५ जुलै, मंगळ.
परदेशी चालींतली एक संथ, पांझरेच्या पुलावर चालत वाजवून पाहिली. लोक थांबले. बरं वाटलं. मग चहावाल्याने स्टोव्ह बारीक करून हळूच विचारलं, "कोन वारनं, भाऊ?" मयत समजला.
तीच जलद घेतली. पुलावरची पोरं हसली.

१९ जुलै, शनि.
चाचांचे पुढचे दात हलतात. ओठ बसत नाही, वरचे सूर फाटतात. मला कधीचं ऐकू येतंय, बोललो नव्हतो. आज तेच म्हणाले, "अक्कानी कानबाईलगून वाजाडसू. मंग तुमनं क्लॅरिनेट तुमले."
अक्का माझी थोरली बहीण, जळगावची. श्रावणात तिच्या घरी कानबाई देवी बसते, दुसऱ्या दिवशी ती वाजतगाजत तलावावर पोचवायचा मान दरवर्षी आमचा.
मोकळं वाजवू शकेल असा हा एकच माणूस. चाचा गेले की बँड संपला. आणि त्यांच्यापुढे ठेवावं असं माझ्याकडे एक गाणं नाही. मनीषाचा फोन आला, उचलला नाही.

२६ जुलै, शनि. जळगाव
अक्काकडे. गल्लीतल्या पोरांना डीजे हवाय. तिने थोपवलंय, पण तू वाजवणार काय, म्हणते.
तिथे चुलीपाशी बसलो आणि एकदम आठवलं. कानबाईच्या नैवेद्याचे रोट करताना बायका गातात, तेव्हा एक आधीच शिरते, एक मागून ओढते, तिसरी भलत्याच पट्टीत. कोणी कोणाला सावरत नाही. जन्मापासून ऐकतोय, आणि शोधत होतो कुठे!
म्हटलं, अक्का, एक म्हणून दाखव, बसवून घेतो.
"कानबाई बसनी नही, आन गानं? बापू, तुले येड लागनं का?"
आमच्या घरची रीत. ही गाणी कानबाई बसण्याआधी म्हणायची नाहीत, ती तलावावर पोचल्यावर नाहीत. मग तालीम कशी... मनातल्या मनात गुणगुणायचाही धीर होईना.

३ ऑगस्ट, रवि. जळगाव
कानबाई बसली. आमची माणसं ओसरीत नुसती ऐकायला बसवली, वाद्यं पेटीत. भिका म्हणतो, या तर सगळ्याच चुकतायत. चाचांची बोटं मात्र गुडघ्यावर चालत होती.

४ ऑगस्ट, सोम.
कानबाई निघाली. बायका गात पुढे, आम्ही मागे. न बसवलेलं गाणं. वळणावर भिका हुकला. बाकीच्यांच्या माना वळल्या. चाचांनी वाजवता वाजवता डोळ्यांनीच अडवलं, राहू द्या. सोडलं त्याला. आला, आपला आपण, भलत्याच वाटेने. मग ढोल सुटला, मग युफोनियम. देवळापासून चौकापर्यंत, एवढंच. पण झालं.
चौकात शेजारच्या गल्लीचा डीजे शिरला. पुढे तलावापर्यंत सगळ्यांचे फुगलेले गाल दिसत होते, आवाज एकाचाही नाही. बायकाही थांबल्या. अक्का म्हणाली, चांगलं वाजलं. चौकापुढे ऐकू आलं कुठे तिला. वर बजावलं, आता पुढच्या श्रावणापर्यंत बंद.
म्हणजे मिळालं ते एक, तेही कुलपात.
परतीच्या बसमध्ये भिका नरडाण्याच्या कारखान्यात भरती आहे का विचारत होता.
देवपूरला उतरलो. क्लॅरिनेटची पिशवी चाचांच्या खांद्यावर. आज परत द्यायचं ठरलं होतं. ते जरा घुटमळले. मी पानाच्या दुकानाकडे बघत राहिलो. मागितलं नाही.
चाचा घराकडे वळले. पिशवी खांद्यालाच.