पहिल्या फटक्यात उघडलेलं वॉलेट

प्रिय आई,

तू पलीकडच्या खोलीत बसली आहेस आणि मी इथे तुला पत्र लिहिते आहे. वेड लागलंय हिला, असं म्हणशील. पण तोंडावर बोलायला गेले की तू दोन वाक्यांत माझी बोलती बंद करतेस.

गेला महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता. ब्लॉकचेनचे नियम बदलणार, त्याआधी आपल्या कंपनीला त्या जाळ्याशी जोडणारा नोड नवा करायलाच हवा होता. संगणकांना तू डबे म्हणतेस; तुझ्या भाषेत, एका डब्यात नोड, दुसऱ्यात वॉलेट. डबे बंद करून पुन्हा चालू केले की वॉलेटला कुलूप. पासवर्ड फक्त तुझ्या डोक्यात. कागदावर उतरवला की तो गावाचा झाला, असं मला पहिल्याच दिवशी ठणकावलं होतंस. तीनशे ग्राहकांची डिजिटल नाणी त्या एका कुलपामागे. आणि तू मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारलीस. एकदा तर ऑफिसात यायचं सोडून खालच्या शिंप्याच्या दुकानात तासभर बसून राहिलीस. विचारलं, तर त्याची खुर्ची बरी आहे म्हणालीस. मी हसले, पण त्या दिवसापासून डॉक्टरांचा विषय काढू लागले.

मंगळवारी सकाळी डबे पुन्हा चालू केल्यावर तू ऐटीत कीबोर्ड पुढे ओढलास, टाइप केलंस, आणि वॉलेट पहिल्या फटक्यात उघडलं. किती खूश झालीस! तेव्हापासून डॉक्टरांचं नाव काढलं की तुझं एकच: एवढा लांबलचक पासवर्ड तोंडपाठ आहे, मला कसला डॉक्टर दाखवतेस? दादालाही फोन करून सांगितलंस. आता तोही म्हणतो, मी उगाच घाबरते.

आई, ते वॉलेट उघडलंच नव्हतं. आदल्या आठवड्यात, डबे बंद करण्याआधी जुनं वॉलेट उघडं होतं तेव्हाच, मी सगळी नाणी नव्या वॉलेटमध्ये हलवली. आणि तुझ्यासमोर काहीही टाइप केलं तरी ‘उघडलं’ असंच दिसेल, अशी सोय करून ठेवली. तुझा पडलेला चेहरा मला बघवला नसता. नंतर तू टाइप केलेलं मी जुन्या वॉलेटला लावून पाहिलं. लागलं नाही. तो आपल्या जुन्या घराचा फोन नंबर होता.

मी तुला फसवलं, तेही कामात. रागव, आठवडाभर बोलू नकोस. पण उद्या अकरा वाजता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. मला फार भीती वाटते आहे. आजवर भीती वाटली की मी तुझ्याकडेच आले. आता कुणाकडे जाऊ?

रागावलीस तरी तुझीच,
धाकटी