तीन एक्स बाहेर काढल्यावर

१२ जून

पुन्हा तेच! 6x² + 3x. मसावि 3x, तो बाहेर काढला, कंसात लिहिलं 2x. मनस्वीने लाल रेघ मारली. "वैनी, एक कुठाय?"

कुठला एक? 3x मधला 3x काढून घेतला. संपलं ना!

मनस्वी म्हणजे शेजारच्या विनोदची नवी बायको. बीए झालीय. दुपारी तासभर येते, शिकवते, चहासुद्धा नको म्हणते.

१५ जून

मासेमारी बंद, म्हणून हे घरीच. जाळं दुरुस्त करता करता ऐकत होते. म्हणाले, "बंदरावर सगल्यांनी वाटे उचलल्यावर टोपलीत काय ऱ्हातंय? कायच नाय!" तेच तर! पंधरा वर्षं मिरकरवाड्यात मी हेच बघतेय.

मनस्वी हसली. "वैनी, वाटा उचलायचा नाय, भागायचं. तिनाला तिनाने भागलं की?"

एक. कळलं.

१६ जून

नाही कळलं. आज परत कंसात नुसता 2x.

२१ जून

बालवाडीच्या बाई भेटल्या. मदतनिसाची जागा जुलैअखेर भरणार. "दहावी पासचा कागद आण मनिषा, मग बघू." एवढा एकच विषय राहिलाय! मार्चमध्ये चार मार्कांनी गेला. बर्फातली कोळंबी सोलून बोटं अशी फाटलीत की पेन धरलं तरी झोंबतं. ऑगस्टला बोटी सुटल्या की परत तिथेच हात घालायचा. नकोय मला. नाही म्हणजे नाही!

आणि अडलंय कशावर — तर एका एकावर. वहीवरच रडले. शाई पसरली.

२६ जून

मनस्वीने कंस उलटा गुणायला लावला. 3x गुणिले 2x, आला 6x². बस. मागचा 3x गायब! मीच घालवला की! कंसात एक ठेवला, तर परत आला. हे आधी का नाही सांगितलंन?

४ जुलै

पेपर. एक लिहिला. दोनदा बघितला. बाकीचं देवाला ठाऊक.

२९ जुलै

पास! बेचाळीस! घरात सांगायच्या आधी मनस्वीकडे धावले. तिने मिठी मारली, हमसून रडली. माझ्यासाठी एवढं कोणी रडलं नव्हतं.

३० जुलै

कागद घेऊन बालवाडीत गेले. बाई खाली बघत म्हणाल्या, "जागा परवाच भरली गं." मनस्वीला घेतलंय.

चिडायला बसले. तेही जमेना. पास तिनेच केलं ना मला!