पाइनच्या रानाला खडवलीचा सल्ला

कल्याण, ता. ९ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप आनंदमामांच्या चरणी भाचा गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहोत. नैनितालच्या थंडीत तुमचा गुडघा आणि मामींचा राग आखडून बसले नसावेत अशी आशा करतो. (मामींच्या रागाबद्दल लिहू नका असे तुमच्या भाचेसुनेने, शुभदाने, बजावले होते, पण लिहून झाले.) पत्रास कारण की, आमच्या साहेबांना हवी ती माफी मी लिहून देणार नाही. आईचे रडके पत्र तुम्हाला आले असेल. ते बाजूला ठेवा आणि हे वाचा.

झाले असे, की तुमच्या बाजूच्या डोंगरांवरची पाइनची जंगले विरळ झाली म्हणून तुमच्याच गावात एक समिती बसली आहे. ती जंगले पुन्हा उभी करायला आणि सांभाळायला कशाकशावर संशोधन करावे, त्यातही आधी कशावर, असे दहा विषय क्रमाने मागवणारा फॉर्म तिने देशभर धाडला. तो फिरत फिरत कल्याणला आमच्या जंगल खात्याच्या ऑफिसात आला. मामा, आमच्या हद्दीत साग आहे, ऐन आहे, कुडा आहे. पाइन म्हणाल तर माझ्या टेबलाचा चौथा पाय, जो सफरचंदाच्या खोक्याच्या फळीचा आहे. मी सरळ ‘निरंक’ लिहिले. साहेब म्हणाले, निरंक लिहिणारे ऑफिस वरच्यांच्या डोळ्यांवर येते, आणि त्यांनी स्वतः विषय सांगायला घेतले. पहिला, संशोधकांसाठी डाकबंगला. दुसरा, डाकबंगल्यापर्यंत रस्ता. तिसरा, अनुभवी अधिकाऱ्याचा परदेश दौरा (वय बावन्नच्या आसपास; साहेबांचेही तेवढेच आहे). झाड सातव्या क्रमांकाला उगवले, तेही बंगल्याच्या खिडक्यांसाठी.

ही यादी हातात घेऊन मी बाहेर आलो, तर दारात खडवलीच्या ठमाबाई बसलेल्या. सरपणाच्या मोळीपायी जप्त झालेला कोयता सोडवायला त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. चाळीस वर्षे रानात जाणारी बाई. सहज विचारले, की ठमाबाई, उजाड झालेले रान परत उभे करायचे तर आधी काय शोधून काढावे? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच मोळी चोरली होती. म्हणाल्या, “आदी तिकरच्या बायांना इचार. रानान रोज त्या जातान, का तुजा सायेब?” मग तासभर बोलल्या. वणव्यानंतर पहिले काय उगवते, बकऱ्या कुठले रोप सोडतात, लावलेली झाडे मरतात आणि आपोआप आलेली जगतात ती का. मी टिपत गेलो, आणि दहा विषय कधी झाले ते कळलेही नाही. साहेबांच्या यादीऐवजी तेच फॉर्मात भरले. ‘माहिती देणाऱ्या तज्ज्ञाचे नाव’ या रकान्यात लिहिले, श्रीमती ठमाबाई, खडवली. अनुभव, चाळीस वर्षे. शिक्षणापुढे निरंक लिहिले (तिथे ते चालते). साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

गेल्या आठवड्यात समितीचे उत्तर आले. सबंध देशातून आलेला सर्वांत उपयोगी फॉर्म कल्याणचा, आणि तज्ज्ञ ठमाबाई यांनी बावीस तारखेच्या बैठकीस यावे. गाडीभाडे सरकार देईल. साहेबांचा चेहरा कारले खाल्ल्यासारखा झाला. आता त्यांचा हुकूम असा, की मी समितीला लिहून द्यायचे, नाव चुकून पडले, अशी कोणी व्यक्ती नाही, क्षमा असावी. नाहीतर माझी बदली अशा ठिकाणी, जिथे टपालही पावसाळा सोडून पोचते. मामा, साहेब हे सांगत होते तेव्हा ती व्यक्ती त्यांच्याच दारात चौथ्यांदा बसली होती. मला फार राग आला. इतकी वर्षे ‘होय साहेब’ म्हटले, त्या सगळ्याचा एकदम आला. मी म्हणालो, लिहिणार नाही; बदली करा. घरी सांगितले तर शुभदा उठून लोणच्याच्या बरण्यांना प्रवासाची फडकी बांधायला बसली. तेव्हा आता माघार नाही.

तुमचा आज्ञाधारक (साहेबांचा नव्हे),
गुरुदत्त

ता. क. : एकोणीस तारखेला मी ठमाबाईंना घेऊन तुमच्या काठगोदाम स्टेशनावर उतरतो आहे. रजा मागितली नाही, कळवली आहे. मुक्काम अर्थात तुमच्याकडे. मामींना सांगा, की काल ठमाबाई आमच्या पंगतीत जेवल्या आणि आभाळ जागेवर आहे.

ता. क. दुसरे : पाइनचे झाड आम्हा दोघांपैकी कोणीच पाहिलेले नाही. बैठकीआधी एखादे लांबून दाखवावे.

ता. क. तिसरे : बैठकीला येणाऱ्यांची यादी मी ठमाबाईंना वाचून दाखवली. त्यांनी विचारले, यात तिकडच्या रानात जाणारी बाई कोणती? अकरा नावांत एकही नाही. आता त्या म्हणतात, की आधी तिच्याकडे जायचे, तिला घ्यायचे आणि मग बैठकीला. तेव्हा तुमच्याकडे जळण आणून टाकणारी जी बाई आहे, तिचे नाव तेवढे उलट टपाली कळवावे. अठरा वर्षे ती तुमच्या दारात येते आहे, म्हणजे तुम्हाला ते माहीत असेलच.