मोठ्यांचा वर्ग

३ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही टकलाची उडवलेली खिल्ली ऐकून तुमचे भाऊ खूप हसले. हे पत्र मात्र त्यांच्या नकळत लिहितेय.

हे लिहा-वाचायला शिकायला जातात तो मोठ्यांचा वर्ग नगरपालिकेनं बंद केला. पटावर माणसं कमी, म्हणे. बाईंची बदलीही झाली. मला हे दुकानात कळलं, कारण हे घरी बोललेच नाहीत. अजून दर बुधवारी दाढी करून, पिशवी घेऊन निघतात. आज काय झालं विचारलं, तर उजळणी झाली म्हणतात.

ताई, त्या बाईंनीच पहिल्यांदा ओळखलं, की यांचं डोकं मंद नाही, यांना अक्षरं जागा बदलताना दिसतात, म्हणून वेगळ्या रीतीनं शिकवायला हवं. ते ऐकून आले त्या दिवशी हे जेवताना मध्येच हसत होते.

यांच्या कामाच्या ठिकाणी, इस्पितळाच्या धोबीखान्यात, आता गठ्ठ्यांवर वॉर्डच्या नावाच्या चिठ्ठ्या असतात. यांना त्या वाचता येईपर्यंत मुकादम थांबणार होते, इस्त्रीवरून काढणार नव्हते. आता कसं करायचं?

तुमची धाकटी

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चौथीत असताना हेडमास्तरांनी आईला बोलावून सांगितलं होतं, की अण्णूमुळे बाकीची मुलं मागे पडतात, याला घरी न्या. आई किती वेळ त्यांच्या दारात उभी होती! तेव्हा तरी तो लहान होता ना?

दोघं नगरपालिकेत जा. शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटल्याशिवाय हलू नका. तोवर तूच का शिकवत नाहीस? तुझं अक्षर मोत्यासारखं आहे.

अण्णूसाठी वेगळी चिठ्ठी घातलीय. त्यात फक्त टकलाची चौकशी आहे.

तुझी ताई

६ मार्च

ती. ताईंना सा. न. वि. वि.

वर्ग बंद झाल्याचं मला कळलंय, असं यांना सांगितलं. पिशवी खाली ठेवून म्हणाले, वर्गासमोरच्या बाकावर बसून यायचो.

साहेबांना भेटलो. माणूस सभ्य. म्हणाले, मुलांना शिकवणं आमचं काम, मोठ्यांचं संस्था बघतात. यांनी हात जोडून विचारलं, मी मूल होतो तेव्हा तुमच्याच शाळेनं मला घरी पाठवलं, मग मी नक्की कुणाचं काम? साहेबांनी यांचं नाव लिहून घेतलं. वर कळवतो म्हणाले. अजून काही आलेलं नाही, आणि येईल असं वाटतही नाही.

घरी शिकवून पाहिलं. यांना अडलं की माझ्याच्यानं राहवत नाही, मीच उत्तर सांगून टाकते. शेवटी हे म्हणाले, राहू दे, तू माझी बायकोच बरी.

यांना इस्त्रीवरून काढून मळक्या चादरींच्या खोलीत टाकलंय. किती हात धुतले तरी औषधाचा वास जात नाही. जेवायला चमचा मागतात.

एक विनंती. यापुढे पत्रात वर्गाचं काही विचारू नका. वाचताना मी ती ओळ गाळली, तर माझ्या आवाजावरून यांना लगेच कळेल. चेष्टा मात्र हवी तेवढी करा.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची धाकटी