कस्तुरा आत्या घरीच आहे

भीमज्योत वसाहत, पिंपरी
५ नोव्हेंबर २०२५

ती. कस्तुरा आत्यास मैत्रीचा स. जय भीम. वि. वि.

फोनवर आपण दोघी भांडतो, म्हणून हे पत्र रोज वाकडला कामाला जाणाऱ्या सुजितदादाच्या हाती देते आहे. सोमवारी वस्तीचा सर्व्हे आहे. ज्या घराला कुलूप दिसेल ते यादीतून बाद, मग वस्ती पाडल्यावर मिळणारं बदली घरही नाही. तू लेकाकडे वाकडला गेल्यापासून तुझ्या दाराला कुलूपच आहे. आतोबांनी कंपनीच्या खोक्यांच्या फळ्या जोडून केलेलं दार आहे ते, विसरलीस का?

आम्ही चित्रकार पोरापोरींनी ठरवलंय, बंद दारांवर त्या-त्या घरची माणसं रंगवायची. मोर्चाला परवानगी लागते, दाराला कुठं लागते? तुझ्या दारावर तूच, उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली. रंग बुद्धरत्नच्या गॅरेजमधला, त्यामुळे तुझं लुगडं रिक्षाच्या टपासारखं पिवळं होणार आहे. ये आणि ओरड.

तुझ्या शिव्यांची भुकेली,
मैत्री

वाकड, ७ नोव्हेंबर

चि. मैत्रीस अ. उ. आ.

काय गं भवाने, मी जिवंत असताना माझा फोटो लावतेस? इथं चौदाव्या मजल्यावर मी राणी आहे. चोवीस तास पाणी. सून श्रद्धा चहाचा कपसुद्धा विसळू देत नाही. वस्ती आज ना उद्या पडणारच. पडताना बघायची माझ्यात ताकद नाही, म्हणून येत नाही.

नाक मात्र नीट काढ. तेच तुलाही मिळालंय.

रागावलीस तरी जेवत जा.
तुझी आत्या

पिंपरी, ११ नोव्हेंबर

ती. आत्यास जय भीम, जय भीम आणि आणखी एकदा जय भीम!

कमाल झाली! काल सर्व्हेचे साहेब आले. गल्लीत गटार तुंबलेलं आणि त्यांचे बूट नवे. त्यांनी कोपऱ्यावरूनच बघितलं आणि तुझ्या नावापुढं लिहिलं, मालकीण हजर. वर शेजारच्या कुसुमताईंना म्हणाले की बाई फार मानी दिसतात, नमस्कार केला तर मानही हलवली नाही. कुसुमताईंनी तोंडात पदर कोंबला. कालपासून आख्खी गल्ली हसतेय.

पण शुक्रवारी अकराला ते सही घ्यायला दारोदार येणार आहेत. तू नाही आलीस तर घर गेलंच. आणि खरं सांगू? मला तुझ्याशिवाय करमत नाही. जाता-येता मी त्या दाराशी बोलते.

हसून हसून रडकुंडीला आलेली,
मैत्री

वाकड, १३ नोव्हेंबर

चि. मैत्रीस अ. उ. आ.

सुजितनं दाराचा फोटो दाखवला. इतकी हसले की श्रद्धा पाणी घेऊन धावली. त्या पिवळ्या बाईशेजारी खरीखुरी कुसुम सूप घेऊन बसलेली दिसली, आणि मला चक्क स्वतःच्या चित्राचा हेवा वाटला गं. इथं दारात टेकलं की लिफ्टमधून उतरणारी माणसं विचारतात, आजी, चावी हरवली का?

उद्या नऊला पोचते. सही ठसठशीत करीन, साहेबांना नमस्कारही घालीन.

त्याआधी त्या बाईला पुसून टाक. उंबरा लहान आहे, आम्ही दोघी मावायच्या नाही.

निघालेच समज,
कस्तुरा आत्या